उतरलेला खर्ज

एकदा एक तरुण शिष्या शिकवणीचा वार नसतानाही आपल्या वृद्ध गायनगुरूंच्या दारी धावतच आली. चप्पल काढायचेही भान तिला नव्हते.

"गुरुजी, मी पुन्हा परीक्षा देणार! या वेळी मिळवणारच!"

परीक्षा होती व्यवस्थापनाच्या एका नामांकित संस्थेच्या प्रवेशाची. गणितात तिने शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांना मागे टाकले होते, एकूण गुणही घसघशीत होते. पण इंग्रजी उताऱ्यांच्या विभागात किमान गुणांची अट थोडक्यात हुकली आणि मुलाखतीचे बोलावणे आलेच नाही. दुसऱ्या एका साध्या संस्थेत जागा मिळत होती; ती घ्यायची की नाही, हे त्याच संध्याकाळपर्यंत कळवायचे होते. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस," असे वडिलांनी बजावले होते. जागा सोडली तर एक वर्ष पणाला लागणार होते.

"पण माझी तयारी बघा तरी! निकाल लागल्यापासून एक दिवस खाडा नाही." तिने पिशवीतून चार जाडजूड वह्या काढून गुरुजींपुढे मोठ्या अभिमानाने मांडल्या. त्यांच्यासोबत उताऱ्यांचे एक पुस्तकही बाहेर आले, अगदी कोरे करकरीत.

गुरुजींनी वह्या सावकाश चाळल्या. मग तंबोरा जवळ ओढला आणि ते तो जुळवू लागले.

मधल्या दोन जोडीच्या तारा सुरेल लागल्या होत्या. शेवटची खर्जाची तार मात्र पार उतरली होती. गुरुजींनी जोडीची तार छेडली, सूर बारीक जुळवायचा खालचा मणी किंचित सरकवला, "वा!" म्हणून मान डोलावली आणि पुन्हा तीच तार छेडली. पुन्हा मणी, पुन्हा "वा!" खर्जाकडे ते वळेनातच. संध्याकाळ जवळ येत होती. पोरीचा जीव टांगणीला लागला होता आणि म्हातारबुवा आपले रंगात आले होते!

शेवटी तिला राहवेना. "अहो गुरुजी, जोडीच्या तारा केव्हाच लागल्या! खर्ज उतरलाय, तो लावा ना!"

"लावला असता गं. पण त्याची खुंटी फार घट्ट आहे, बोटं दुखतात. आणि ही बघ किती गोड वाजते!"

"म्हणून काय दिवसभर हीच छेडत बसणार? अशानं तंबोरा कधी जुळायचा?"

गुरुजी हसले. त्यांनी चारही वह्या तिच्या मांडीवर ठेवल्या. "यात उतारा किती ठिकाणी आहे, दाखव."

तिने पाने उलटली. गणित, गणित आणि गणित. एकाही पानावर उतारा नव्हता. तिचे कान लाल झाले.

"बाळ," गुरुजी म्हणाले, "येत असलेली गणितं सोडवताना सुख होतं, आणि त्या सुखाला माणूस तयारी समजतो. परीक्षा पुन्हा द्यावी की नाही, हे मला विचारू नकोस. घट्ट खुंटीला हात घालणार असशील, तर खुशाल एक वर्ष दे. नसशील, तर मिळालेली जागा आनंदानं घे. त्यातही कमीपणा नाही."

तिने ते कोरे पुस्तक उघडले आणि पहिला उतारा मोठ्याने वाचू लागली. तिसऱ्याच ओळीला अडखळली. हसली, आणि तीच ओळ पुन्हा वाचली. पुस्तकाच्या कडेला पेन्सिलीची पहिली खूण उमटली.

तिने तिथूनच घरी फोन लावला. "बाबा, ठरलं, ती जागा सोडतेय! परीक्षा पुन्हा देते. आणि माझी गणिताची पुस्तकं आहेत ना, तेवढी आजच माळ्यावर टाका."

गुरुजींनी बोटांवर फुंकर घातली आणि खर्जाच्या खुंटीला हात घातला.