कोळशाची रेघ

फार मागची गोष्ट आहे, बाबांनो. तेव्हा नदीला पूल नव्हता, आणि आपल्या कासारडोह गावात सुभाना न्हावी राहायचा.

एका साली पुरानं त्याचं खोपट नेलं. वस्तरा वाचला, पण धार लावायचा निसणा वाहून गेला. तशात पाटलाच्या मैनाबाईच्या लेकराचं जावळ आलं. तिची आधीची लेकरं जगली नव्हती. तिनं डोहावरच्या देवीला नवस केला होता, की जत्रेदिवशी, दिवस मावळायच्या आत जावळ देईन, आणि लेकराच्या रक्ताचा थेंब सांडू देणार नाही. सांडला, तर देवी लेकरू परत नेणार.

सुभानाच्या आज्याचा जुना निसणा वरच्या अंगाच्या, पुरातून वाचलेल्या गोठ्याच्या दाराला टेकू म्हणून पडला होता. तेल पिऊन काळा झालेला, मधे खोलगट. असल्या निसण्यावर वस्तऱ्याला सरळ धार लागत नाही, तो कातडीला चिरतो. सुभानानं तो राखेच्या पाण्यात उकळला, तेल वर आलं. मग डोहावरच्या सपाट खडकावर वाळू-पाणी घालून तो निसणा घासायला बसला. निसण्यावर कोळशाच्या रेघा ओढायचा आणि घासायचा. कडेच्या रेघा जायच्या, मधल्या राहायच्या. रेघ राहिली, म्हणजे तिथं अजून खोल.

जत्रेचा दिवस आला. एक रेघ काही जाईना. लोक हसले, "सुभाना, दगडाचं पीठ करून भाकरी थापतोस काय?"

दिवस कलला. पाटील ओरडले, "आटप की रं! एका रेघेनं काय हुतंय?"

"पाटील, त्या रेघेतच रगत हाय," सुभाना म्हणाला.

 मैनाबाई लेकरू घेऊन खडकावर आली आणि ओंजळीनं पाणी घालू लागली. म्हणाली, "घासा, दादा. मी हाय."

असं म्हणतात, की सूर्य डोंगराच्या कडेला टेकून तिथंच थांबला. रेघ पुसली, वस्तऱ्याला धार लागली, जावळ उतरलं, आणि लेकरू झोपेतच हसलं. मगच अंधार पडला.

डोहाचं पाणी मात्र लाल झालं होतं. सुभानाच्या तळहातांना कातडं उरलं नव्हतं. लेकराच्या अंगावर थेंब पडू नये, म्हणून त्यानं हातांना फडकी बांधली होती. असं म्हणतात, की देवीनं सुभानाच्या त्या रक्तावरच नवस फेडून घेतला.

तो खडक अजून आहे, आरशासारखा गुळगुळीत. आपल्याकडे जावळाआधी मामा त्यावर कोळशाची रेघ ओढतो, आई पाणी घालते, आणि सगळे मिळून ती हातानं पुसतात. आणि त्या दिवशी न्हाव्याला 'आटप' असं कुणी म्हणत नाही. दिवस मावळतीला आला, तरी नाही.