चिंचेवरची नवी कारभारीण

फार वर्षांमागे नदीकाठच्या एका चिंचेवर कितीतरी पाखरं आणि खारी एकत्र नांदत होती. कारभार पाहणाऱ्या म्हाताऱ्या धनेश पक्ष्याची नजर अधू झाली, तेव्हा सगळ्यांनी झिपरी खारीला कारभारीण केलं.

धनेश म्हणाला, "पोरी, थोडे दिवस माझ्याकडून कारभार शिकून घे."

"आजोबा, मी याच झाडावर जन्मले. त्यात शिकायचं काय?"

दुसऱ्याच दिवशी राघू तक्रार घेऊन आला. सुतार पक्ष्याच्या टकटकीनं त्याची पिल्लं दुपारी झोपत नव्हती. झिपरीनं तिथल्या तिथे सुताराला झाड सोडायला सांगितलं. सुतार मुकाट्यानं निघाला, पण त्याची बायको ढोलीतून हलेना. तिच्या पंखाखाली अंडी होती.

झिपरीनं ढोलीत डोकावून अंडी पाहिली. ती धावत धनेशाकडे गेली. "आजोबा, चुकलं माझं. आता काय करू?"

"सुताराचं ऐकलंस का?"

"नाही."

"मग आधी तिकडे जा."

झिपरीनं सुताराची माफी मागितली, मग त्याला आणि राघूला समोरासमोर बसवलं. दुपारी टकटक करायची नाही, एवढ्यावर तंटा मिटला.

संध्याकाळी ती पुन्हा धनेशाकडे आली.

"आता काय झालं?"

"काही नाही. उद्या काहीतरी होईल, त्याआधी शिकवा."

धनेश हसला आणि फांदीवर जरा सरकून बसला.