करकोच्याच्या चोचीतला आवाज

त्या राज्यात सावल्यांना मान होता आणि आवाजाला कोणी विचारत नव्हतं. पश्चिमेच्या टेकाडावर सावरीच्या दोन झाडांमध्ये एक पांढरं कापड बांधलेलं असे. दिवस कलला की सूर्य कापडाच्या मागे येई, नट सूर्य आणि कापड यांच्या मधोमध उभे राहत आणि उतारावर बसलेली प्रजा अलीकडून त्यांच्या सावल्या पाही. सूर्य बुडाला की खेळ संपला. ज्याला खेळ आवडला तो जाताना एक गोटा आणून कापडाच्या खालच्या काठावर ठेवी. त्या गोट्यांच्या वजनानं कापड ताठ राही, वाऱ्यानं फडफडत नसे. म्हणजे आजचा खेळ चांगला झाला तरच उद्याचा नीट दिसायचा. ही रीत कोणा शहाण्यानं घालून दिली ते कोणाला आठवत नव्हतं, आणि त्यानंतर त्या राज्यात शहाणा जन्मल्याचीही नोंद नाही.

नायकाचं काम मोराकडे असे. मोराला अभिनय येत नव्हता, पिसारा उघडता येत होता, आणि नायकाला तेवढं पुरे अशी तिथली समजूत होती. बाकीचं बहुतेक सगळं उंचाजी करकोचा करी. सावकार, पुजारी, झिंगलेला शिपाई, खाष्ट सासू, म्हातारा बाप, सगळी कामं त्याच्याच वाट्याला येत आणि तो ती मनापासून करी. करकोच्यांना कंठ नसतो. फार तर चोच वाजवता येते. पण उंचाजीची मान जे बोलत असे, ते बोलायला दुसऱ्या कोणाला दहा जिभा पुरल्या नसत्या. ती एका बाजूला कलली की सावकार, पुढे झुकली की पुजारी आणि मागेपुढे डुलली की झिंगलेला शिपाई.

त्याचं नाव झालं ते बापाच्या कामानं. त्या खेळात राजाचे शिपाई म्हाताऱ्याचा एकुलता एक मुलगा लढाईला ओढून नेतात. उंचाजी तेव्हा काहीच करत नसे. तो एक पाय हळूच पोटाशी घेई, मान वळवून चोच छातीच्या पिसांत खुपसून घेई, आणि कापडावर एका पायावर उभी असलेली बिनमुंडक्याची सावली उरे. सूर्य बुडेपर्यंत ती तशीच उभी राही. त्या खेळानंतर इतके गोटे जमत की महिनाभर कापडाला सुरकुती पडत नसे.

पहिला गोटा ठरल्याप्रमाणे ढालकाकूंचा. ढालकाकू म्हणजे ओढ्याकाठची म्हातारी कासवीण. ती जन्माची बहिरी होती. राज्यातली निम्मी बडबड तिच्या वाट्याला आली नाही, त्यामुळे तिचं डोकं शाबूत होतं. ती दुपारीच निघे, तेव्हा कुठे खेळाच्या वेळेला पहिल्या रांगेत पोहोचे. उंचाजी उतारावरच्या सगळ्या गर्दीसाठी खेळ करी असं म्हणायची पद्धत होती. खरं तर तो ढालकाकूंसाठी करी.

राज्य गेंड्याचं होतं. महाराजांच्या कातडीची कीर्ती दूरवर पसरली होती, पण त्यांची नजरही कातडीइतकीच जाड होती हे बोलायची सोय नव्हती. त्यांचं आसन कापडापासून चाळीस पावलांवर. इतक्या लांबून महाराजांना दुधात माशी पडल्यासारखं काहीतरी दिसे. बरीच वर्षं त्यांनी ते निमूटपणे पाहिलं. एका संध्याकाळी मात्र ते वैतागले आणि म्हणाले, "हे चाललंय तरी काय? मला तर काही म्हणता काही समजत नाही."

दुसऱ्या एखाद्या राज्यात कोणीतरी आसन तीस पावलं पुढे सरकवलं असतं. इथे समिती बसली. सात दिवस विचार करून समितीनं निर्णय दिला की महाराजांची दृष्टी निर्दोष आहे. दोष सावल्यांचा आहे, कारण त्या मुक्या आहेत. येत्या पौर्णिमेपासून प्रत्येक सावलीनं बोललं पाहिजे, अशी दवंडी पिटली गेली.

अंमलबजावणी काटदेव साळिंदराकडे आली. हा राज्याचा लेखनिक. पाठीवर इतक्या लेखण्या बाळगूनही त्यानं आजवर स्वतःचं एक वाक्य लिहिलं नव्हतं. त्यानं आधी मोराला बोलून दाखवायला सांगितलं. मोरानं तोंड उघडलं तशी समोरची हरणं दचकून उधळली आणि माकडं झाडावर चढली.

"हे काय होतं?" महाराजांनी विचारलं.

"नवा राग आहे, महाराज," काटदेव म्हणाला.

झालं. तिसऱ्या दिवशी घरोघरी आया पोरांना तो राग शिकवू लागल्या.

उंचाजीला असली सवलत मिळणार नव्हती. राग फक्त नायकाला असतो. काटदेवासमोर उभं राहून त्यानं जीव तोडून चोच वाजवली.

"थाळ्या बडवायला बोलावलं नाही तुला," काटदेव म्हणाला. "उद्यापासून येऊ नकोस."

उंचाजीची मान खाली गेली. त्या मानेत विनवणी होती, वीस वर्षांची कामं होती, उद्या कुठे जायचं हा प्रश्नही होता. पण काटदेव हातातल्या पानावर लिहीत होता, त्यानं वर पाहिलंच नाही. वाचता येणाऱ्यांची ही एक खोड असते.

शेवटी तोड काढली तीही काटदेवानंच. म्हाताऱ्या बापाचं काम करायला दुसरा कोणी मिळेना, तेव्हा तो डबक्यातून डबकोजी बेडकाला घेऊन आला. डबकोजीचा आवाज अर्ध्या राज्यात ऐकू जाई. त्याला स्वतःचं काही म्हणायचं नसे, म्हणून त्या आवाजात कधी चढउतारही नसे.

"याला आवाज आहे, पण सावली पडली तर शेणाच्या गोळ्याची," काटदेव म्हणाला. "तुला सावली आहे, आवाज नाही. हा तुझ्या चोचीत बसेल. हा बोलेल तेव्हा तू चोच उघडायची."

उंचाजीनं डबकोजीकडे पाहिलं, त्याचा बाप आणि आजा बेडकांकडे पाहत तसंच.

"अहो, असं बघू नका!" डबकोजी ओरडला. "काटदेव, आधी लिहून घ्या! मला गिळायचं नाही म्हणून लिहून घ्या!"

काटदेवानं लिहून घेतलं. राज्याचा आवाज जो गिळेल, त्याला कापडावरून कायमचं काढण्यात येईल.

नाही म्हणता आलं असतं. सासूच्या मैत्रिणीचं काम करणारा म्हातारा बगळा नाही म्हणाला, तळ्यावर परत गेला आणि पोटभर मासे खाऊन सुखानं म्हातारा झाला. पण उंचाजीला मासे नको होते, त्याला कापड हवं होतं. स्वतःच्या सावलीवर ज्याचा जीव जडला त्याला काहीही करायला लावता येतं. त्यानं अपमान गिळला आणि बेडूक तोंडात धरला.

पहिला बोलका खेळ सावकाराचा झाला. करकोच्यानं चोच उघडली आणि आतून डबकोजी गरजला, "आमच्या महाराजांच्या राज्यात कोणाला कमी नाही!" चाळीस पावलांवर महाराज एकदम ताठ बसले. "आता समजलं!" ते म्हणाले, आणि समाधानानं त्यांनी डोळे मिटून घेतले. महाराजांनी डोळे मिटले म्हणून मंत्र्यांनी मिटले. मंत्र्यांनी मिटले म्हणून मानकऱ्यांनी. आठवडाभरात अख्खा उतार डोळे मिटून खेळ पाहू लागला. डोळे उघडे ठेवणारा गावंढळ ठरू लागला. आणि डोळेच मिटलेले, तर गोटा शोधायचा कोणी आणि ठेवायचा कुठे? लोक बसल्या जागी पंजे आपटत आणि उठून जात. कापडाखालचे जुने गोटे पावसापाण्यानं घरंगळून गेले. काठ सुटा झाला, सावल्या वाऱ्यावर हिंदकळू लागल्या. ते कोणाला दिसलंच नाही.

खेळ लिहायचं काम काटदेवाकडे असल्यामुळे सगळी पात्रं आता एकच बोलत. शिपायाची झिंग महाराजांच्या नावानं उतरे. सासू महाराजांचं स्मरण करून सुनेला जवळ घेई. आणि म्हाताऱ्या बापाच्या तोंडी वाक्य आलं होतं, "एक काय, सात मुलगे असते तरी हसत दिले असते! महाराजांचा विजय असो!"

हे वाक्य पहिल्यांदा चोचीतून गेलं तेव्हा उंचाजीची मान सवयीनं छातीकडे वळू लागली.

"मान!" डबकोजी आतून खेकसला. "मान सरळ धरा, उंचाजीराव. मला भोवळ येते."

मान सरळ झाली ती झालीच. डबकोजी आधी जेवायच्या वेळी बाहेर येई, पुढे बाहेर ऊन लागतं म्हणून तेही बंद झालं. चोचीत घोंघावणाऱ्या माश्या खाऊन तो गलेलठ्ठ झाला. त्याचे सत्कार होऊ लागले. त्या सत्कारांना उंचाजी उघडी चोच घेऊन उभा राही आणि गळ्यात पडलेली माळ आपलीच आहे असं स्वतःला समजावी. समजूत पटतही असे. तेच फार वाईट होतं.

एका दुपारी ढालकाकू कापडामागे आल्या.

"उंचा, तुझ्याशी बोलायला आले," त्या म्हणाल्या. "ही मंडळी काय ऐकतात ते मला ठाऊक नाही. त्यांची तोंडं बघून वाटतं, माझं काही बुडत नाही. पण तू दिसेनासा झालास रे. नुसती चोच दिसते. उघडते नि मिटते, कडी मोडलेल्या दारासारखी."

"काकू, आमच्या आवाजाची कीर्ती..." चोचीतून डबकोजी सुरू झाला. ढालकाकूंच्या कानी त्यातलं काही पडलं नाही.

"ओढा आटत चाललाय. मी खाली नदीला जाणार, आता काही परत येणं होत नाही. उद्या तुझा तो बापाचा खेळ आहे ना? तेवढा बघते नि निघते. दाखवशील ना रे तो, पहिल्यासारखा?"

उंचाजीला मान हलवायची होती. "मान!" डबकोजी ओरडला. ढालकाकू थोडा वेळ उत्तराची वाट पाहत थांबल्या आणि मग हळूहळू वळल्या. त्यांची ढाल उतारावरून दिसेनाशी होईपर्यंत उंचाजी पाहत राहिला. त्याला लाज वाटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वाटली, त्यामुळे चांगलीच वाटली. कापड गेलं तर जाऊ दे, असं त्यानं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सूर्य कापडामागे आला. महाराजांनी डोळे मिटले, पाठोपाठ राज्यानं मिटले. पहिल्या रांगेत दोनच डोळे उघडे होते. सावल्यांचे शिपाई मुलाला घेऊन गेले आणि डबकोजीनं सुरुवात केली, "एक काय, सात मुलगे असते तरी..."

उंचाजीनं चोच मिटली. ती आभाळाकडे केली आणि त्याचे बापजादे करत तेच केलं. कापडावर सावलीच्या गळ्यातून एक गोळा खाली उतरत गेला. ढालकाकूंची मान ढालीतून होती नव्हती तेवढी बाहेर आली. उंचाजीनं एक पाय पोटाशी घेतला, मान वळवली आणि चोच छातीच्या पिसांत खुपसली. उतारावर चिडीचूप झालं. काटदेवाचे काटे उभे राहिले. उंचाजीला आता कशाचीच भीती नव्हती. शिपाई येतील, हाकलून देतील, तोवर तो बाप होता. त्याला फार फार बरं वाटलं.

"...हसत दिले असते!" त्याच्या पोटातून आवाज आला. "महाराजांचा विजय असो!"

डबकोजी थांबला होता तो फक्त घसरण्यापुरता. चोचीतही अंधार होता, इथेही अंधार होता, आणि वाक्य पाठ होतं. जागा मोठी मिळाल्यामुळे आवाज जास्तच घुमत होता. महाराजांनी मिटल्या डोळ्यांनी मान डोलावली. काटदेवाचे काटे खाली बसले. राज्य पंजे आपटू लागलं. उंचाजीनं चोच पिसांत आणखी खोल दाबली, पण पुढचं वाक्य सुरू झालं होतं.

ढालकाकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या उठल्या, डोक्यानं ढकलत ढकलत एक गोटा वर नेला आणि कापडाच्या सुट्या काठावर ठेवला. तेवढा कोपरा ताठ झाला, आणि एका पायावर उभ्या असलेल्या बिनमुंडक्याच्या बापाची सावली अगदी स्वच्छ दिसू लागली. तिच्या पोटात महाराजांचा जयजयकार चालला होता.