हवेत आवळलेले नट

एकदा एका वृद्ध गुरुजींचा एक शिष्य आपल्याच अंगणात, आपल्याच जुन्या मोटारीखाली उताणा पडला होता. दृष्टांतात मोटार कुठून आली, म्हणून कोणी नाक मुरडू नये. ऋषींच्या काळी रथ होते, आणि त्यांचीही मोडतोड होतच असणार.

शिष्य गाडीचे मागचे शॉकअप, म्हणजे रस्त्याचे धक्के झेलणारे दांडे, बदलत होता. कारण मोठे होते. त्याची आई गावी एकटी राहत असे. मागे एकदा त्याने तिला कायमचे म्हणून घरी आणले, तर आठवडाभरातच ती परत जायला निघाली. "तुझ्या गाडीनं माझी पाठ मोडली रे," एवढेच ती म्हणाली. ते वाक्य त्याच्या मनात रुतून बसले होते. उद्या तो तिला पुन्हा आणायला जाणार होता. या खेपेस ती राहिली नाही तर पुन्हा कधीच येणार नाही, या विचाराने त्याचा जीव कासावीस होई.

गाडी जॅकने उचलून, खाली भक्कम टेकू देऊन त्याने मागची चाके काढली होती. तेल गळणारे जुने शॉकअप गंजलेल्या नटांशी झटापट करून सोडवले होते. नवे बसवले आणि प्रत्येक नट दातओठ खाऊन आवळला. एवढ्यात गुरुजी आले. त्यांनी जन्मभर तर्कशास्त्र शिकवले आणि जन्मभर आपली गाडी घरीच दुरुस्त केली. शाईने काय नि तेलाने काय, दोन्हींत माणूस सारखाच काळा होतो, असे ते म्हणत.

गुरुजींनी वाकून पाहिले, शिष्याच्या हातातून पाना घेतला आणि एकेक नट सैल करायला सुरुवात केली.

"गुरुजी, अहो, उलटं फिरवताय तुम्ही!"

"ठाऊक आहे."

नट निघून पडणार नाहीत इतपत राखून त्यांनी सारे ढिले केले. मग म्हणाले, "चाकं लाव. गाडी खाली घे. चाकांना दगड लाव."

शिष्य गोंधळला. सैल नटांवर गाडी खाली घ्यायची? पण गुरूंचा शब्द मोडवेना. गाडी जमिनीवर टेकली, तसे गुरुजी मागचे दार उघडून सीटवर जाऊन बसले, जणू कुठे लग्नालाच निघाले होते.

"तुझी आई अंगानं माझ्याएवढीच ना?"

"असेल... पण गुरुजी, तिचं इथं काय?"

"मग आता शीर खाली, आणि आवळ."

आता मात्र शिष्याला शंका आली. म्हातारपणी यांचे काही बिनसले की काय? गाडीखाली अंधार, अंग वळवायला जागा नाही, आणि वर गुरुजी स्वस्थ बसलेले. आवळलेले सोडायचे आणि सोडलेले पुन्हा आवळायचे, यात शहाणपण ते कोणते? धुसफुसत त्याने काम पुरे केले आणि बाहेर येऊन विचारले, "हे मघाशी झालंच होतं ना?"

गुरुजी म्हणाले, "या शॉकअपच्या टोकांना रबर असतं. चाक हवेत लोंबत असताना नट आवळलास, तर ते रबर त्या लोंबत्या ठेवणीतच जखडतं. गाडी खाली आली, माणसं बसली, की ठेवण बदलते आणि रबर पिळलं जातं. मग ते उभ्या जागीही पिळलेलंच राहतं, आणि लवकर फाटतं. म्हणून आधी भार येऊ द्यावा, मग आवळावं." मग त्यांनी विचारले, "आईची काय तयारी केलीस?"

शिष्य उत्साहाने सांगू लागला. आतली शांत खोली, खाटेची जागा, जेवणाच्या वेळा. स्वयंपाकघरात तिने पाऊल टाकायचे नाही. गावची भांडी आणायची नाहीत. "मागच्या वेळी तर याहून चोख होतं."

"आणि ती आठवडाभरात गेली."

"गाडीनं पाठ मोडली म्हणाली."

"गेली कशातून?"

"याच गाडीतून," शिष्य म्हणाला, आणि पाठ मोडली ती गाडीने नव्हे, हे बोलता बोलताच त्याला उमगले. तर्कशास्त्रात पहिला आलेला हा मुलगा! त्याचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी तो आईला घेऊन आला. गाडी सुखाची चालली, पण आईचा चेहरा काही खुलला नाही. घरात शिरताच तिने विचारले, "कुठं निजायचं मी?"

"तूच सांग."

आई बावचळली. मुलाचे काही बिनसले की काय, अशा नजरेने तिने त्याच्याकडे पाहिले. मग हळूहळू साऱ्या घरातून फिरली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी, जिथे येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय अडखळणार, नेमकी तिथेच उभी राहिली. शिष्याने खाटेचे सुटे भाग आणून तिथेच जोडले.

"बस आई."

"अरे, हलतेय ती! आधी घट्ट तरी कर."

"तू बस. मग करतो."

आई पुटपुटत बसली. शिष्य पाना घेऊन खाटेखाली शिरला. वरून आई म्हणाली, "माझी भांडी गावीच राहिली रे. रविवारी जाऊन आणू या."