रिकामा पाट

एका राज्यात, जिथल्या नद्या राजाला विचारून वळत, एक जुनी रीत होती. सुगी सरली की सारी प्रजा सोंगघरात जमे आणि ज्याला जे व्हावंसं वाटे ते सोंग उचले. कुंभार राजा होई, राजा मोतद्दार होऊन घोडे धुई, म्हातारी परी होई. सात दिवस खेळ चाले.

पण सर्वांत आधी एक पाट मांडला जाई. त्यावर बसेल त्यानं काही व्हायचं नाही. नुसतं बघायचं आणि शेवटी एकेकाला त्याच्या नावानं हाक मारायची. हाक आली की सोंग गळून पडे. परी झालेली म्हातारी घरी जाऊन भाकरी थापायला बसे, तेव्हा गळलेल्या पंखांची थरथर तिच्या पाठीवर अजून उरलेली असे. असे ते दिवस होते.

मग एका वर्षी हौस फार झाली. नुसतं बघत बसणं हे काय काम आहे, असं शहाणे म्हणाले. पाट कोपऱ्यात उभा केला आणि खेळ मांडला. पाटाचा शाप लागला. सात दिवस उलटले, सोंगं निघेनात. लाकडी तलवारींना लोखंडाची धार आली. कुणाला विचारावं ते न कळून नद्या जागच्या जागी थांबल्या.

म्हाळसा तेव्हा डोंगरापलीकडे बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. परतली तर नवरा तिला ओळखेना. कोंडाजी म्हणजे घोंगड्या विणणारा, वाटेत बकरी आडवी आली तर ती हलेपर्यंत थांबून राहणारा माणूस. तो काळा जादूगार होऊन आपल्या फौजेसह टेकडीवर बसला होता, आणि राजा झालेला कुंभार अमावास्येला फौज घेऊन त्याचं डोकं उडवणार होता.

सोंगघराच्या उंबऱ्यावर साळुंकी होती. ती म्हणाली, "एकच सोंग मिळेल, आणि ते आपसूक उतरणार नाही. अमावास्येचा सूर्य बुडाला की सगळ्यांची सोंगं हाडात उतरतील."

म्हाळसानं वीरांगनेचं चिलखत उचललं. लहानपणापासून तिचा त्यावर डोळा होता. दरवर्षी दुसरीच कुणी ते पटकावी.

"तलवार कुणावर चालवशील?" साळुंकीनं विचारलं.

समोर सगळे शेजारीच होते. चिलखत खाली ठेवावं लागलं. मग तिनं राणीचा शालू घेतला.

"हुकूम सोडलास तर नवरा वाकेल. ओळखेल का?"

शालूची घडी झाली. मग चेटकिणीची काठी.

"मंत्रानं येईल तो मंत्राचा. तुझा नव्हे."

"मग राहिलं काय?"

साळुंकी कोपऱ्याकडे बघू लागली. पाटावर बोटभर धूळ होती.

"बघणारीला हाक कोण मारतं?" म्हाळसानं विचारलं.

"ज्याला ती आठवेल तो. नाही आठवली, तर पाट सोडत नाही."

म्हाळसानं पदरानं धूळ पुसली, पाट काखोटीला मारला आणि अमावास्येच्या दुपारी दोन्ही फौजांच्या मधोमध नेऊन मांडला. बसली. हाका मारल्या. नुसत्या नावाला कुणी वळेना. तेव्हा तिनं मागचे दिवस बाहेर काढले.

"सटवाजी, तुझं पहिलं मडकं गळकं निघालं. तुझ्या आईनं त्यात तुळस लावली आणि घरोघरी नेऊन दाखवली."

राजा हसला. मुकुट गडगडत गेला. मोतद्दाराला तिनं लहानपणी तिच्या दारच्या चिंचेवर चढताना फाटलेल्या त्याच्या रेशमी अंगरख्याची याद दिली. तो लाजला आणि महाराज झाला. अशी फौजेमागून फौज माणसांत आली.

उरला जादूगार. ऊन टेकडीवरून उतरू लागलं. नाव म्हाळसाच्या जिभेवर अडलं. त्या राज्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. त्यानं त्याचं आयुष्य घटतं म्हणत. लग्नात एकदा उखाण्यात घेतलं, तेवढंच.

"कोंडाजी," ती म्हणाली. चारचौघांत, उखाण्याशिवाय. "पहिल्या घोंगडीत तुम्ही माझा केस विणलात. मी विचारलं, तर म्हणालात, ऊब येते."

काळा झगा राखेसारखा झडला.

"माझं नाव घेतलंस?"

"घेतलं. उद्याही घेईन."

ती उठायला गेली. पाटानं तिला धरलं होतं. तिच्या पायांना मुळं फुटू लागली होती. टेकडीच्या कडेला ऊन आता बोटभर उरलं होतं.

"म्हाळसे," तो म्हणाला, "ऊठ. दारात बकरी उभी असेल. मला एकट्याला घरात जाता यायचं नाही."

ती उठली. नद्यांनी महाराजांना विचारलं आणि त्या वळल्या.

तिथं अजून सोंगांचा खेळ होतो. पाट आधी मांडतात, आणि त्यावर बसायला भांडणं होतात, असं साळुंक्या सांगतात.