लोढणं घातलेला कुत्रा

फार जुन्या काळची गोष्ट आहे. तेव्हा माळावर माणसं थोडी होती आणि लांडगे उदंड. लहान पोरांनी ऐकावी, मोठ्यांनी तर कान उघडून ऐकावी. असल्या चुका मोठेच करतात.

त्या माळावर एक मेंढपाळ होता. जवळच टेकाडाखाली एक म्हातारी मेंढपाळीण होती. दोघांची रीत एकच. मेंढ्या चरायला न्यायच्या आणि कोवळी कोकरं मागं ठेवायची. त्यांच्याभोवती बाभळीच्या फांद्यांचं गोल कुंपण, तोंडाला काट्यांची झाप, बाहेर राखणीला कुत्रं.

म्हातारी आपल्या तांबूला, म्हणजे कुत्रीला, पिल्लू असल्यापासून शिकवायची. काठी आडवी धरायची. आधी वीतभर उंच, महिन्यानं हातभर, मग कमरेइतकी. पलीकडून भाकरीचा तुकडा दाखवून म्हणायची, "हां, घे उडी!" ओढ्यावर पडलेल्या खोडावरून चालवायची, रोवलेल्या काठ्यांमधून वळवत पळवायची. चुकली की पुन्हा. पण हात कधी उचलला नाही.

मेंढपाळ हसायचा. "काय मावशे, जत्रेत नाचवतीस का काय हिला?"

"तुझा भुऱ्या काय करतो रे दिवसभर?"

"भुंकतो. कुत्र्यानं भुंकावं. उड्या मारायला ते काय माकड आहे?"

हा भुऱ्या चांगल्या हाडाचा कुत्रा. लहानपणी त्यानं एकदा आपणहून कुंपणावरून आत उडी घेतली आणि कोकरांना हुंगत बसला. मेंढपाळाला वाटलं, हा कोकरांना चटावला. त्यानं भुऱ्याला बडवला. मग ओढाळ गुराच्या गळ्यात बांधतात तसलं जड लाकडाचं लोढणं त्याच्या गळ्यात बांधलं. धावला की ते गुडघ्यावर आपटायचं. पुढं पुढं भुऱ्या धावायचाच थांबला. बसून भुंकायचा. मेंढपाळ म्हणायचा, "बघा, किती शहाणा झाला!"

एका उन्हाळ्यात लांडगा आला. भर दुपारी म्हातारीच्या कुंपणात शिरला. तांबूनं लांबून धाव घेतली आणि कमरेइतकं कुंपण एका झेपेत ओलांडलं. आत कोकरांमधून वळणं घेत तिनं लांडग्याला गाठलं. तिचा कान फाटला, एक कोकरू गेलं, पण लांडगा पळाला.

म्हातारी तडक मेंढपाळाकडं गेली. "त्याच्या गळ्यातलं काढ रे. आजच काढ. लांडगा आता तुझ्याकडं येईल."

"येऊ दे की. माझं कुंपण तुझ्यापेक्षा उंच आहे."

"कुंपणाला दात असतात का, मेल्या?"

तो हसला. त्यानं कुंपणावर आणखी दोन फांद्या रचल्या आणि निवांत झाला.

तिसऱ्या दिवशी लांडगा आला. शेजारच्या खडकावर चढला आणि तिथून आत उतरला. मेंढपाळ मेंढ्यांबरोबर समोरच्या चढावर होता. त्याला सगळं दिसत होतं. हाका मारत तो खाली पळाला, पण अंतर लांब होतं.

भुऱ्या कुंपणाभोवती फिरत भुंकत होता. आत कोकरं ओरडत होती. शेवटी कुत्र्याला राहवलं नाही. जन्मात दुसऱ्यांदा त्यानं उडी घेतली. अर्धा वर गेला आणि लोढणं काट्यांत अडकलं. तो तिथंच लटकला. लांडग्यानं मान वर करून त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मेंढपाळ पोचला तेव्हा लांडगा गेला होता. बावीस कोकरांतली सतरा मेली होती. भुऱ्या कुंपणावर गळफास बसून मेला होता. संध्याकाळी मेंढ्या परतल्या. दुधानं तटतटलेल्या आचळांनी त्या कुंपणाभोवती फिरत राहिल्या, बें-बें करत राहिल्या. मेंढपाळानं कानांवर हात ठेवले. त्याचा काही उपयोग झाला नाही.

पुढं तांबूला पिल्लं झाली. मेंढपाळ म्हातारीच्या दारात येऊन उभा राहिला. "मावशे, एक पिल्लू दे. तू शिकवून दे."

म्हातारीनं पिल्लं पदराआड घेतली. "चांगला कुत्रा तुला मिळाला होता," ती म्हणाली. "माझं पिल्लू मी तुझ्या हाती देणार नाही."

तिनं झाप ओढून घेतली. तो माळ उतरून गेला. राखणीवाचून त्याचा कळप टिकला नाही आणि उरलं आयुष्य त्यानं दुसऱ्याच्या मेंढ्या हाकण्यात काढलं.

तात्पर्य : राखणीच्या जिवाला उडी शिकवायची सोडून जो त्याचे पाय जखडतो, तो आपल्याच हातानं आपला नाश करतो.