सुंद्राबायचा आकडा

खाडीवरची होडी बंद पडली, तवापासून सुंद्राबायला पल्याड दिलेली लेक भेटली नव्हती. होडी पुन्हा सोडायची का, यावर गावानं मशीनवर मतं टाकायची ठरवली. दरेकाला दोन गुपित आकडे मिळाले, एक खरा, एक फसवा. मशीन दोन्ही घेई, पण मोजी खऱ्याचंच मत.

होडी आली की खाडीला वळसा घालून दामदुप्पट भाडं घेणारी चेअरमन तांडेलची जीप रिकामी पडणार. तो तिच्या दारात आला. "खरा आकडा सांग म्हातारे, तुझं मत मीच टाकतो!"

तिनं सांगितला. त्यानं 'नको' दाबलं.

एका मतानं होडी जिंकली. तांडेल तणतणत आला, "फसवा दिलास ना गं?"

"काय ठावं, चेअरमन? मी रोज काठावरनं लेकीला हात हलवते. पोचतो का, मला कधी कळलं? तुमचं मतबी तसंच."